स्लॅबखालचा जॅझ

आईला कायमचं पुण्यात ठेवून घ्यायचं म्हणून मी कर्वेनगरात फ्लॅट घेतला आणि वर्षभरात त्याच फ्लॅटच्या बेडरूमला आवाज अडवणारं छत बसवायला निघालो. छत बसवलं असतं तर आई गेली असती, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. झोप न मिळालेला माणूस कुणाचंच ऐकत नाही.

त्या काळात पुण्यातली निम्मी तरुण मंडळी अमेरिकेच्या घड्याळावर जगत होती. आमची कंपनी तिकडच्या एका विमा कंपनीची सिस्टीम सांभाळायची. तिची डागडुजी शनिवारी रात्रभर चालायची. रविवारी सकाळी साडेनऊला मी घरी येऊन आडवा व्हायचो, आणि डोळा लागतो न लागतो तोच वरच्या मजल्यावरून सुरू व्हायचं. ढुम, ढुम, ढुम, ढुम. गाणं नाही, सूर नाही, शब्द नाही. एक जाड, गोल आवाज स्लॅबमधून चालत यायचा, मधेच थबकायचा, पुन्हा निघायचा. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याचं हे फिरणं चालायचं आणि मी उशी डोक्यावर घेऊन पडून राहायचो.

आईला त्या आवाजाचा त्रास नव्हता, उलट कीव यायची. वरचे काका स्वतःच काहीतरी वाजवतात अशी तिची समजूत होती. "बिचारे किती दिसांपासून शिकून राहिले," ती म्हणायची, "पण पुढे काही सरकून नाही राहिले बाप्पा."

आईचं दुःख वेगळं होतं. तिची सगळी नोकरी नागपुरात सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली. आमच्या वस्तीत रविवारी सकाळी विहारात वंदना व्हायची आणि ती संपली की अर्ध्या बाया परस्पर आमच्याच घरी यायच्या. दार लावायची सवय आम्हाला नव्हतीच. इथे दार उघडं ठेवलं तर शेजारचे येऊन सांगायचे, "दार उघडं राहिलंय तुमचं." सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं, मग "म्हणजे मूळचे कुठले?" विचारलं, आणि उत्तर ऐकून "असं होय" म्हणाले. त्यानंतर त्यांच्याकडचं बोलणं पाण्याच्या वेळांपलीकडे गेलं नाही. आईने दिवाळीत चिवड्याच्या बशा वाटल्या. बशा धुऊन, पुसून, रिकाम्या परत आल्या. आमच्याकडे बशी रिकामी परत करत नाहीत, निदान साखर तरी घालतात. त्या दिवसापासून आईची बॅग पलंगाखालून बाहेर आली ती आत गेलीच नाही. शेवटी तिने नागपूरचं तिकीटच काढलं. महिन्याभरानंतरचं, रविवारचं.

मला वाटलं, मी चिडचिडा झालोय म्हणून ती जाते आहे. मी चिडचिडा झालो होतो हे खरं होतं. म्हणजे आधी झोप मिळवली पाहिजे, मग माझा स्वभाव सुधारेल, मग आई राहील. रात्रपाळीत असला हिशेब अगदी बिनतोड वाटतो. मी एका छतवाल्याला गाठलं. तो म्हणाला, काचलोकर भरून असं छत बसवून देतो की वर लग्न लागलं तरी तुम्हाला कळणार नाही. त्याला मापं घ्यायला बोलावलं, आणि तोवर निदान एकदा तोंडाची वाफ दवडावी म्हणून रविवारी वर जाऊन बेल वाजवली.

दार चार बोटं उघडलं. वरचे काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, अंगात इस्त्रीचा सदरा. मागे खोलीत त्यांच्याच वयाची चारपाच मंडळी डोळे मिटून बसलेली.

"काय हवंय?"

"खाली झोपता येत नाही. तुमच्या आवाजामुळे."

"आवाज नाही, जॅझ आहे तो. सकाळी दहा ते एक. नियमात बसतो."

"नियमात तुम्ही बसता हो. माझ्या डोक्यावर बसतो तो ढुमढुम."

त्यांनी दार आणखी दोन बोटं उघडलं. "ढुमढुम? म्हणजे नेमकं काय ऐकू येतं तुम्हाला?"

"तेवढंच. बाकी काही नाही."

"सॅक्सोफोन?"

"नाही."

"पियानो? ड्रम?"

"काही नाही. एकटा ढुमढुम."

काकांनी आत वळून, तबकडी अशीच चालू ठेवा असं कुणाला तरी सांगितलं आणि पायात चपला सरकवल्या. भांडणासाठी मी मनात जुळवलेली वाक्यं तशीच राहिली, कारण ते माझ्या पुढे जिना उतरत होते.

बेडरूममध्ये माझं अंथरूण तसंच पडलेलं. काका पलंगाच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली. बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले. आई दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं, वर पाणी सांडलंय आणि हे गळती बघायला आले आहेत.

"हा डबल बेस," काका हळूच म्हणाले. "माणसाच्या उंचीचं उभं वाद्य असतं. बोटांनी तारा ओढून वाजवतात. सगळ्या मेळाच्या खाली हा चालत असतो. स्पीकर जमिनीवर ठेवलेत ना मी, म्हणून तुमच्या स्लॅबमधून एकटा हाच उतरतो." मग एकदम त्यांनी हात वर केला. "थांबा."

वरचा आवाज थबकला होता. दोन ठोके काहीच नाही. मग एक लांब, ओढून धरलेला स्वर, आणि पुन्हा चाल सुरू.

काका पलंगावर बसले. माझ्याच उशीवर. "हे थांबणं दर रविवारी ऐकू येतं तुम्हाला?"

"मला काय माहीत? मी झोपायचा प्रयत्न करत असतो."

"अहो, तीस वर्षं ही तबकडी ऐकतोय मी. इथे सॅक्सोफोनवाला चक्क दोन मात्रा उशिरा शिरतो. त्या धाडसावर आम्ही जीव ओवाळून टाकतो. ते धाडस नाहीये हो. चुकलाय तो. आणि हा खालचा माणूस दोन मात्रा गिळून त्याच्यासाठी थांबलाय. कुणाला कळूसुद्धा दिलं नाही त्याने."

"सांभाळून घेतलं," आई म्हणाली.

काकांनी तिच्याकडे बघितलं. "अगदी. सांभाळून घेतलं."

"तं मग तुमी नाही वाजवत का वर?"

"मी? छे हो. मी फक्त ऐकतो."

आईला जरा वाईट वाटलं असावं. इतके दिवस तिने त्या रियाजाबद्दल सहानुभूती बाळगली होती. तिने त्यांना चहा विचारला. पुण्यातला माणूस "नको, आत्ताच झाला" म्हणतो. काका "चालेल" म्हणाले.

पुढच्या रविवारी मी घरी आलो तर माझ्या पलंगावर चार जण आणि खुर्चीत एक, सगळे तोंड वर करून बसलेले. एक गृहस्थ सॅक्सोफोनच्या बाजूचे होते आणि तो चुकल्याचा आरोप त्यांना मान्य नव्हता. "पुरावा ऐकून मग बोला," काका त्यांना सांगत होते. अडचण एवढीच होती की तबकडी उलटायला वर कुणीतरी थांबायला हवं, आणि कुणीच तयार नव्हतं. वर थांबलं तर सगळं ऐकू येतं, म्हणजे नेमकं ऐकायचं तेच हुकतं, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाहीतरी तुम्हाला झोपायला जागा नाहीच," सॅक्सोफोनच्या बाजूचे ते गृहस्थ म्हणाले. पुण्यात याला विनंती म्हणतात.

असा मी, रात्रपाळी करून आलेला माणूस, दुसऱ्याच्या घरात आरामखुर्चीत बसून तबकड्या उलटू लागलो. उलटायची वेळ झाली की खालून आई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. इतर सोसायट्यांत छत ठोकतात ते आवाज बंद करा म्हणून. आमच्याकडे पुढची बाजू लावा म्हणून.

वर सगळा मेळ मी पहिल्यांदा ऐकला आणि खरं सांगतो, माझी निराशा झाली. माझ्या ओळखीच्या माणसावर चारचौघं चढून बसल्यासारखं वाटलं. सॅक्सोफोन सारखा मधे बोलत होता. ड्रमवाला पातेली आवरत असल्यासारखा. मी त्या गर्दीत खालचा आवाज शोधत बसलो, आणि सापडला तेव्हा भर परगावात गल्लीतला माणूस भेटावा तसा आनंद झाला. तो कुणाच्या आड येत नव्हता. पण सॅक्सोफोनवाला भरकटून परत आला की हा तिथे हजर असायचा. ते ऐकता ऐकता मी त्या खुर्चीतच झोपलो. तबकडी संपून सुई नुसतीच फिरत राहिली, आणि झाडूच्या ठोक्यांनी मी जागा झालो.

खाली उतरलो तर घरभर तर्री पोह्यांचा वास. पुणेरी पोह्यांत साखर असते. आईच्या पोह्यांवर लालभडक रस्सा. मंडळी घाम पुसत, नाक ओढत खात होती आणि भांडत होती. सॅक्सोफोनच्या बाजूच्या गृहस्थांचे डोळे पाणावले होते. ते तिखटाने की पुराव्याने हे कळायला मार्ग नव्हता.

"चुकला असेल," शेवटी ते म्हणाले. "पण चुकला तोही काय सुरेख चुकला."

"अजून घ्या," आई म्हणाली. त्यांनी घेतले.

तिसऱ्या रविवारी मी वर तबकडी लावून खाली डोकावलो, तोच छतवाला आला. मी त्याला बोलावलं होतं हे मीच विसरलो होतो. तो बेडरूमच्या दारात आला आणि पाचसहा म्हातारी माणसं छताकडे टक लावून बसलेली पाहून त्याने आधी छताकडे पाहिलं.

"गळतंय का कुठे?"

"श्शू," सगळे एकदम म्हणाले.

सोलो संपल्यावर त्याने टेप काढली. काकांना काय ते कळलं. त्यांचा चेहरा पडला, पण माणूस पुणेरी. "छत तुमचं, निर्णय तुमचा," ते मला म्हणाले. "फक्त आगाऊ कळवायला हवं होतं." आणि चपला शोधायला म्हणून वळले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून आली. "मापं राहू द्या भाऊ," ती छतवाल्याला म्हणाली. "इथं नाही बसवायचं छत. पोहे खाऊन जा." तो बसला. मी वर जाऊन पुढची तबकडी लावून आलो तेव्हा तोही तोंड वर करून ऐकत होता आणि मधूनच म्हणत होता, स्लॅब मात्र पातळ टाकलाय बिल्डरने.

मंडळी गेल्यावर आई भांडी घासत होती. मी तिच्या मागे उभा राहिलो. तिकीट पुढच्याच रविवारचं होतं आणि विचारायची मला भीती वाटत होती.

"बॅग भरायची का तुझी?"

"तिकीट वापस केलं म्या. मंगळवारीच."

मला इतका आनंद झाला की मी फडकं घेऊन भांडी पुसायला लागलो. रात्रपाळ्या, कर्ज, हा फ्लॅट, सगळं तिच्यासाठीच तर चाललं होतं.

"माझ्यासाठी थांबलीस?"

तिने कढई पालथी घातली आणि माझ्याकडे बघून हसली.

"तुयासाठी कायले? तू तं झोपून राहतो."