गळ्यासाठी पाच थेंब

काकूंच्या मानेचं चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा आधी मला आनंदच झाला. डाव्या बाजूची गाठ काळीभोर दिसत होती, म्हणजे आमचं औषध बरोबर जागी जाऊन पोचलं होतं. मग नजर जरा सरकली. गळ्याच्या ऐन मधोमध, जिथं काहीच दिसायला नको, तिथं फुलपाखराच्या आकाराचा तसाच काळा डाग. थायरॉईड. मी चित्र मोठं करून पुन्हा पाहिलं.

या औषधावर मी सहा वर्षं डोकं झिजवतेय. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, पेशी हुडकून त्यांना चिकटणारं एक प्रतिपिंड असतं, त्याला आम्ही किरणोत्सारी आयोडीन जोडतो. प्रतिपिंड गाठीपर्यंत जातं आणि किरणं तिथल्या तिथं मारा करतात. भानगड एवढीच, की थायरॉईड आयोडीनची मोठी हावरट. वाटेत सुटलेला कण अन् कण ती ओढून घेते आणि जळून जाते. म्हणून आधीपासूनच साध्या आयोडीनचे थेंब पाजून तिचं पोट भरून ठेवायचं असतं.

काकू म्हणजे लोहाऱ्याची माझी चुलती. आई गेल्यावर मला वाढवलं ते त्यांनीच. नेहमीच्या औषधांना त्यांचा आजार दाद देईना, तेव्हा शहरातल्या आमच्या रुग्णालयात त्यांना या नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. नातं मी आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळं त्यांच्या डोसला हात लावायची मला मनाई होती. तो एका सहकाऱ्यानं बनवला. सध्या दिला होता तो फक्त तपासणीपुरता, अगदी थोडा. मोठा डोस पुढच्या आठवड्यात होता.

मी त्या सहकाऱ्यावर तुटून पडले. आयोडीन नीट जोडलंच नाहीस, सुटं राहिलं, असं सगळ्यांसमोर सुनावलं. राग आला की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. त्या बिचाऱ्यानं उरलेला नमुना माझ्यासमोर पुन्हा तपासला. सुटं आयोडीन जवळपास नव्हतंच. तरी मी माफी मागितली नाही.

"घरी थेंब घेतले का, ते बघून या," चाचणीचे प्रमुख डॉक्टर म्हणाले. मला तेही लागलं. थेंबांचं काकूंना सांगितलं होतं मीच. आमच्याकडची भाषा आहे, मी समजावते, असं म्हणून चाचणीच्या कागदावर 'समजावून सांगितले' या ओळीखाली ऐटीत सही ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोहाऱ्यात एसटीतून उतरले. तपासणीहून आदल्याच दिवशी परतलेल्या काकू ओसरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. मानेवरचा पदर सरकलेला होता. गाठीवरची कातडी तपकिरी पडून सोलवटली होती.

"हे काय झालं, काकू?"

"तुझ्या औषदानं. लई कडक हाय बघ. आग आग व्हती."

त्यांनी कोनाड्यातली आमच्याच रुग्णालयाची थेंबांची बाटली काढून दाखवली. शेजारी कापसाचा बोळा होता. झाकण उघडलं आणि वास आला, तो टिंचरसारखाच; दोन्हीत आयोडीनच. लहानपणी माझा गुडघा फुटला की काकू टिंचरच लावायच्या.

"हे प्यायचं होतं काकू. पाण्यातून."

"तूच म्हनलीस की. गळ्यासाठी हाय, पाच थेंब, दिसातनं तीनदा. एक डाव चुकवलं न्हाय म्या."

खरंच, फोनवर मी तेवढंच बोलले होते. कुठल्या तरी बैठकीला पळता पळता. 'पोटात घ्या' असं सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कसलं डोंबलाचं शिक्षण! मी तिथंच पायरीवर बसले. मला स्वतःची किळस आली.

डॉक्टरांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवला. मी तोंड उघडायच्या आत काकूंनीच फोन ओढून घेतला.

"इसरले डॉक्टरसाहेब. पोरीनं समदं नीट सांगितलं व्हतं. थेंब घ्यायचे म्याच इसरले."

मी थक्क होऊन बघत राहिले. पलीकडून डॉक्टर बोलू लागले.

"मावशी, थेंब विसरत असाल तर मोठा डोस देणं धोक्याचं आहे. तुमचं नाव चाचणीतून काढावं लागेल. दुसरं औषध आता आपल्याकडं उरलेलं नाही, हे ध्यानात येतंय ना?"

"येतंय. काढा."

काकूंच्या हातून मी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकही वेळ चुकवलेली नाही, चुकीचं मी सांगितलं, सही माझी आहे. डॉक्टर म्हणाले, हे सगळं लिहून द्या, थेंब आजपासून पोटात सुरू करा, आणि मोठ्या डोसआधी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करू. नाव तूर्त राहू दे.

फोन ठेवला तर काकू संतापानं लाल झालेल्या.

"तुला कुनी सांगितलं व्हतं मधी बोलायला? नोकरी गेली मंजी?"

मी आत जाऊन पेल्यात पाणी घेतलं, मोजून पाच थेंब टाकले आणि पेला त्यांच्यापुढं धरला. त्यांनी पेला हातानं बाजूला सारला.

"आधी त्यास्नी परत फोन लाव," काकू म्हणाल्या. "म्हन, काकूच इसरली. मगच पिते."