रक्तदात्यांच्या रांगेतून उठलो तेव्हा

गोळ्या संपून सहा महिने झाले होते, तरी आपण बरे झालो असं मला एक दिवसही वाटलं नव्हतं. सकाळी उठलो की आरसा घेऊन खिडकीशी जायचं आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसतो का ते बघायचं. उजव्या बरगडीखाली बोटांनी चाचपायचं. दोन तास शिकवले की अंगात त्राण उरायचं नाही, गुडघे ठणकायचे, बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. विषाणू गेला की अजून आहे ते त्यातूनच कळतं. ती तपासणी मी केलीच नव्हती. कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, माझा देवावर, पोखर्णीच्या नरहरीवर, भरवसा आहे. पण विचारणार कोण? कुणाला काही माहीतच नव्हतं.

मी सेलूत मराठी शिकवतो. चहापलीकडे व्यसन नाही. वर्षातून तीनदा रक्तदान करणारे सर म्हणून माझं थोडं नाव होतं, आणि खरं सांगायचं तर त्या नावाची मला चांगलीच चटक लागली होती. बैठकीच्या भिंतीवर प्रशस्तिपत्रं लावली होती. पाहुणा आला की त्याला मी बरोबर त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसवायचो. अशाच एका शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला, "सर, एकदा येऊन भेटा." हिपॅटायटिस सी निघाला. रक्तातून होणारी कावीळ. आधीच्या खेपेचं रक्त चांगलं होतं, म्हणजे अलीकडेच कुठेतरी झालेली. दात काढला होता, सलाईन लावलं होतं, सलूनमध्ये दाढी केली होती. नक्की कशातून आली ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या कानात मात्र लोकांचं बोलणं आधीच सुरू झालं होतं, की मास्तर चोरून पितो वाटतं.

मी नांदेडहून गोळ्या आणल्या आणि पत्नीला, सुमनला, पित्ताचं औषध आहे म्हणून सांगितलं. घरच्यांचीही तपासणी करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी तिला सांगितलं नाही. दाढीचं सामान तेवढं लपवून ठेवलं आणि अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोखर्णीला जायचो आणि नृसिंहासमोर सगळं ओकून टाकायचो. सुमन सोबत असली तर तिला आधी प्रसाद घ्यायला पाठवायचो. देवाला सांगायला मला लाज वाटत नव्हती, बायकोला सांगायला वाटत होती. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

नृसिंह जयंतीला आम्ही दोघं निघालो, तर पोखर्णीच्या वाटेवरच रक्तदान शिबिराचा मांडव लागलेला. माझा सहकारी दिगंबर तिथे माईक घेऊन उभा होता. मी म्हणालो, आज राहू दे. तो म्हणाला, "आसं कसं सर! तुमीच माघारी फिरलात तर बाकीच्यायनी काय करावं?" आणि त्यानं माझं नाव पुकारलंसुद्धा. टाळ्या पडल्या. सुमन कौतुकानं हसली आणि सावलीला जाऊन बसली. रक्तदाब वाढलाय, ताप आहे, काहीही सांगता आलं असतं. पण टाळ्या वाजल्यावर माझं डोकं चालेना. फॉर्म पुढे आला. त्यात प्रश्न होता, पूर्वी कावीळ झाली होती का? मी 'नाही'वर खूण केली. मनाची समजूत घातली की गोळ्या तर पुऱ्या झाल्यात, शिवाय रक्त तपासूनच पुढे देतात. आणि मुकाट रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसलो.

मांडवात एक पन्नाशीची बाई पिशवीतून गूळ-शेंगदाणे वाटत होती. प्रत्येक रक्तदात्याच्या पाया पडायची आणि मूठभर हातावर ठेवायची. माझ्याजवळ आली तशी वाकली. मी पाय मागे घेतले. "आवो घेऊ द्या की सर," ती म्हणाली. "राणीसावरगावची हाय मी. मह्या लेकीला दर तीन हप्त्याला रक्त चढवावं लागतंय. तुमच्यासारख्यायच्या जिवावर बारावीला गेली पोरगी." मग बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर टेकली आणि आपणहून बोलत राहिली. "चार वर्सं झाली, तिला रक्तातूनच कावीळ झाली व्हती. सी का काय म्हणतेत ती. तीन महिने गोळ्या खाल्ल्या. मंग पुन्हा तपासलं, तवा जिवात जीव आला."

माझ्या दुखण्याचं नाव ती भर मांडवात, सर्दी-खोकल्याचं घ्यावं तसं घेत होती. चार वर्षांपूर्वी माझं रक्त चांगलं होतं, तिच्या मुलीची कावीळ माझ्या रक्तातून गेलेली नव्हती, हे मला कळत होतं. तरी तिच्याकडे बघवेना. कसंबसं विचारलं, "तपासायला भीती नाही वाटली?"

"लय भ्याले. पण देवाला म्हणायचं बरी कर, आन् बरी केली का ते बघायला जायचंच न्हाई? मंग कशाचा आलाय भरवसा?"

ती पुढच्या माणसाकडे वळली. तेवढ्यात माझं नाव आलं. मी उठलो तो खाटेकडे न जाता टेबलाशी गेलो आणि डॉक्टर बाईंना सांगितलं, "फॉर्मवर मी खोटं लिहिलंय." पुढचं सगळं सांगितलं. दिगंबर शेजारीच होता, त्यानं माईक खाली केला. डॉक्टर बाई माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "सर, तुम्ही पूर्ण बरे झालात तरी आता रक्त देता येणार नाही, कधीच नाही," त्या म्हणाल्या. "पण तपासणी मात्र करून घ्या. आणि घरच्यांचीही."

सुमनला मी सावलीत बसूनच सगळं सांगितलं. ती पदराचं टोक मुरगाळत ऐकत होती. मग म्हणाली, "मला वाटलं, माझ्यातच कायतरी खोट दिसली तुमाला. म्हणून अंथरूण बाहेर नेलं." सहा महिन्यांहून जास्त काळ मी तिला हे सोसायला लावलं होतं. तिथल्या तिथे मातीत तोंड खुपसावं असं मला झालं.

आठवड्यात आम्ही दोघांनी रक्त दिलं, तपासायला. तिला काही नव्हतं. माझ्यात विषाणू सापडला नाही. थकवा आणि गुडघेदुखी अजून आहे, डॉक्टर त्याची वेगळी कारणं शोधतायत. तो विषाणू आपोआप उलटत नाही, असं ते सांगतात. तरी एखाद्या सकाळी मी आरसा घेऊन खिडकीशी जातोच.

त्या बाईला नंतर मी दोन शिबिरांत शोधलं, पण ती भेटली नाही.

यंदाच्या शिबिरात दिगंबरनं मला विचारलं, "सर, येता का बोलायला?" मी माईक घेतला. आजाराचं नाव घेतलं, फॉर्मवर काय लिहिलं होतं तेही सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. माझे कान पुन्हा तापले. तेवढ्यात रांगेतला एक तिशीतला माणूस उठला, मान खाली घालून डॉक्टरांच्या टेबलाशी गेला आणि हलक्या आवाजात काही बोलू लागला. काय बोलला ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही.

मी देवळात गेलो. नरहरी, वर्षभर तुझ्याकडे मी आरोग्य मागत होतो. तू आधी लाज दिलीस, आणि अगदी वेळेवर दिलीस. तुझे उपकार कसे फेडू?