विहिरीच्या बैठकीचा सांगावा

आमच्या विहिरीत तीन घरांचा हिस्सा होता, आणि तो हिस्सा वारांचा होता. सोमवार-मंगळवार आमचे, बुधवार-गुरुवार भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्या बाबांचे, शुक्रवार-शनिवार माझ्या चुलतदिराचे. रविवारी विहीर भरायला मोकळी. लग्न होऊन मी ओझरजवळच्या त्या गावात आले तेव्हा शेताच्या बांधांआधी मला हे वार शिकवले गेले. दुसऱ्याच्या वारी कोणी मोटार चालू केली तर डोकी फुटायची. माझ्या लग्नाच्या पंगतीतच एक जण डोक्याला फडकं बांधून जेवत होता, आणि त्याला आग्रह करून लाडू वाढणारा होता तो फोडणाराच.

वार बदलायचा तर बैठक हवी आणि बैठकीला तिन्ही घरं हवीत. बैठक हवी तर आधी सांगावा हवा. ज्याला बैठक बोलवायची त्याने स्वतः दुसऱ्या दोन्ही घरी जायचं, ओट्यावर बसायचं, काय ठरवायचंय ते सांगायचं आणि त्या घरचं पाणी प्यायचं. पाणी प्यायलं की सांगावा पोचला. घराने पाणी दिलं नाही तर सांगावा नाही, म्हणजे बैठकही नाही. मी नाशिकला मॅट्रिक झालेली. मला हे सगळं येडपटपणाचं वाटायचं.

दुष्काळ संपल्यावरच्या एका उन्हाळ्यात आमच्याकडची लाइट नेमकी शुक्रवारी-शनिवारी जायला लागली. दिराचे वार कोरडे जाऊ लागले. त्याचा कांदा पिवळा पडला, आमचा मात्र ऐन पोसण्यात होता. त्याला आमचे सोमवार-मंगळवार हवे होते. म्हाताऱ्या बाबांना कोणाचीच भीड मोडवत नसे, म्हणजे बैठक बसली की दोनास एक होऊन आमचे वार जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आमचं घर त्या कांद्यावर होतं. आमचे हे ओझरच्या विमानांच्या कारखान्यात नुकतेच लागलेले, अजून कायम झालेले नव्हते.

दीर सांगावा घेऊन आला. माझ्या विधवा सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, त्याला बसायला घोंगडी टाकली, पोराबाळांची चौकशी केली, गुरांची केली, आणि पाणी काही दिलं नाही. भर दुपारी तो ओठ चाटत तासभर बसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. परत तेच. मी आत तोंडात पदर कोंबून हसत होते.

मग त्याचं टाळकं सरकलं. तो उठला, मला ढकलून स्वयंपाकघरात घुसला, आमच्या माठात पेला बुडवून घटाघटा प्यायला आणि तोच पेला माठावर हाणला. माठ फुटला. पाणी चुलीत गेलं.

"प्यायलो," तो म्हणाला. "झाला सांगावा. उद्या बैठक."

"मी दिलं नाय," आत्याबाई म्हणाल्या.

"पोटात गेलं ना?"

"चोरीचं गेलं." आणि त्यांनी वरवंटा उचलून त्याच्यावर फेकला. तो चौकटीला लागला. त्या चौकटीचा उडालेला टवका मी नवं घर बांधेपर्यंत तसाच होता.

आम्ही बैठकीला गेलो नाही, कारण आमच्या लेखी ती नव्हतीच. त्या दोघांनी विहिरीवर बसून आमचे वार शुक्रवार-शनिवार करून टाकले.

सोमवारी उजाडताच आत्याबाई आणि मी निघालो. माझ्या हातात दारं धरायचं, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायचं फावडं होतं. मोटारीच्या खोलीसमोर दीर कुऱ्हाडीचा दांडा घेऊन उभा होता. पातं काढलेलं होतं, एवढी अक्कल त्याने ठेवली होती.

"काकू, मागं फिर. बैठक झालीय."

"आज माझा वार हाय," म्हणत आत्याबाई चालतच राहिल्या. त्यांनी स्टार्टरकडे हात नेला आणि त्याने दांडा घातला. मनगटाचा आवाज झाला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. हात भलतीकडेच लोंबायला लागला. आत्याबाई ओरडल्या नाहीत. मीच ओरडले, आणि ओरडता ओरडता फावडं त्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो वाकला. मी पुन्हा हाणलं. मोटारीचं पाणी जिथे पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर तो तोंडावर आपटला आणि त्याचे दोन दात माझ्या पायाशी येऊन पडले. मला आनंद झाला. इतका स्वच्छ आनंद मला नंतर बाळंतपणातसुद्धा झाला नाही, आणि आज सत्तरीला आलेय तरी त्याची मला लाज वाटत नाही. मी त्याच्या अंगावरून पाय टाकून गेले आणि हिरवं बटण दाबलं.

पाणी आलं. आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे धावले तर त्यांनी मला लाथच मारली.

"माझ्याकडं काय बघतीस, भवाने? वाफे बघ जा!"

आरडाओरडा ऐकून म्हातारे बाबा आले. दिराने रक्त थुंकत सांगितलं की बैठक झाली आणि ह्या बायका मानत नाहीत. बाबांनी त्याला विचारलं, "पाणी तिनं दिलं व्हतं का तू घेतलं व्हतं?" दिराने बाहीला तोंड पुसलं. बाबा डोकं धरून म्हणाले, "मंग मी तरी कशाला बसलो रं त्या बैठकीला? सांगावाच नाय तर बैठक कसली?" हेच त्यांनी दोन दिवस आधी विचारलं असतं तर एक हात, एक गुडघा आणि दोन दात वाचले असते.

बैलगाडी एकच होती, बाबांची. दोघांना तिच्यातच घालून ते नाशिकच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. वाटभर दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या, असं बाबा सांगत. दवाखान्यात मात्र दोघांनीही बैलानं तुडवलं म्हणून सांगितलं, आणि बैलही एकच सांगितला.

मी दिवसभर दारं धरली. संध्याकाळी आमचे हे कारखान्याच्या गाडीतून फाट्यावर उतरले तेव्हा त्यांना सगळं कळलं. ते दवाखान्याकडे वळले नाहीत, सरळ शेतात आले.

"किती ऱ्हायले?"

"कडेचे चार वाफे."

त्यांनी कारखान्याची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. त्यावर त्यांच्या चुलतभावाचं रक्त वाळलं होतं. त्यांनी ते पाटात धुतलं आणि कामाला लागले. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि ह्या घरात माझं आता काय होणार म्हणून भीतीही वाटली, कारण मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. आत्याबाईंचा हात सुजून काळानिळा झालेला, आणि तसाच पडलेला. डॉक्टर आमच्यावरच खेकसला. हाड बसवायला भूल द्यायला हवी होती आणि म्हातारीने कालपासून कोणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. सुई घेऊन आलेल्या नर्सला ती चावली होती.

आमचे हे खाटेजवळ गेले. आत्याबाईंना तापाने बोलवत नव्हतं.

"वाफे?" त्या म्हणाल्या.

"झाले."

"कडंचे?"

"कडंचे बी झाले, आई."

त्यांनी डोळे मिटले, आणि तो हात दुसऱ्या हाताने उचलून डॉक्टरपुढे केला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता झोपवा."