अण्णांचं आमिष

बनशंकरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे अण्णा मूळचे बेळगावकडचे. एका तापानंतर त्यांना वास येईनासा झाला, पण वासावर येणाऱ्या नदीतल्या मांगूर माशांसाठी घरीच आमिष मळायचा नाद काही सुटला नाही. दर शनिवारी ते डबा घेऊन माझ्या दाराशी येत. कणकेत सुकट, लसूण, कधी बडीशेप.

"स्वल्प हुंगून सांगा."

मी तोंड वाकडं केलं की ते खूश होत.

एकदा मला कसलाच वास आला नाही. तसं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला कावेरीवर घेऊन गेले आणि तोच गोळा त्यांनी गळाला लावला. थोड्याच वेळात भलामोठा मांगूर लागला. तो काठावर तडफडत होता, पण अण्णांनी उरलेला गोळा माझ्या नाकाशी धरला.

"खरंच काही येत नाही?"

"नाही."

"मग ह्याला कसा आला?"



त्यानंतर अण्णा डबा घेऊन आले नाहीत. जिन्यात भेटले की हसतात. मी मात्र हल्ली चहाच्या भांड्यावर वाकून आल्याचा वास येतोय का बघतो. कधी येतो, कधी आल्यासारखा वाटतो.