पांडेसऱ्याचे अंतराळवीर

सुरतेच्या अख्ख्या पांडेसऱ्यात अंतराळवीर एकच झाला आणि तो माझा थोरला साडू आहे. साडूभाऊ जमिनीपासून दीड मजल्याच्या वर कधी गेले नाहीत आणि जत्रेतल्या पाळण्यात बसवलं की डोळे मिटून कुलदेवीचं नाव घेतात, या बाबी मी किरकोळ समजतो. तुम्हीही समजा.

आम्ही दोघं एकाच रंगाईच्या मिलमध्ये. मी घड्या घालण्याच्या खात्यात, ते कलर मास्तर. वीस वर्षांपूर्वी एका पेपरात त्यांनी वाचलं, की सरकारची मदत न घेता, एका खाजगी शेडमध्ये बनवलेलं यान दुसऱ्या विमानाच्या पोटाला लटकवून वर नेलं, तिथून सोडलं, आणि साठी उलटलेला एक वैमानिक त्यात एकटा बसून अंतराळाच्या उंबऱ्याला शिवून आला. झालं! शेड, खाजगी मालक, एकटा माणूस आणि पहिल्यांदाच चालणारं यंत्र, यातलं साडूभाऊंना परकं असं काहीच नव्हतं. त्यांनी ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून घेतलं आणि तेव्हापासून आमच्या घरातलं कोणतंही लग्न, बारसं किंवा तेरावं त्या वैमानिकाच्या उल्लेखाशिवाय पार पडलेलं नाही. "अंतराळ किती लांब, सांग," ते व्याह्यांना हातात पत्रावळ असताना गाठायचे. आणि त्यांचा घास गिळून व्हायच्या आत स्वतःच सांगायचे, "शंभर किलोमीटर! म्हणजे सुरतेहून नवापूर. आपण दर दिवाळीला तेवढं जातोच. फक्त आडवं जातो."

त्या दिवसापासून घरात आलेली प्रत्येक नवी वस्तू त्यांनी स्वतः, एकट्याने, प्रथम चालवली. आमच्या हिने नवा कुकर आणला तेव्हा "बठ्ठा बाहेर निंघा!" अशी अहिराणीत गर्जना होऊन आम्ही अकरा माणसं गॅलरीत उभी राहिलो. त्यात माझे सासरे होते, ज्यांना धड उभं राहवत नव्हतं. आत साडूभाऊ, गॅस आणि वाटीभर तूरडाळ. चौथ्या शिट्टीनंतर दार उघडून त्यांनी दोन्ही हात वर केले, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या ओडिया कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. मेहुणीबाई मात्र तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "डाळ करपाडी ह्या अंतराळवीरनी."

पण मिलमध्ये कुणी हसत नसे. कापड रंगवायचं जेट मशीन म्हणजे उकळत्या पाण्याहून गरम रंग दाबाखाली कोंडलेलं भलंमोठं लोखंडी पिंप असतं. बिघडलं तर माणूस ओळखू येत नाही. आमच्या मिलचा रिवाज असा, की नव्या मशीनची पूजा झाली की सगळ्यांनी शेडबाहेर जायचं आणि पहिली फेरी मास्तरांनी एकट्याने काढायची. लांब पेचकसाचं टोक मशीनला लावून, मूठ कानाला लावून ते आतली धडधड ऐकत. डॉक्टरनेही इतक्या मायेने कुणाची छाती तपासली नसेल.

गेल्या वर्षी नवं मशीन आलं. त्याला टीव्हीएवढा पडदा, आणि सोबत कंपनीचा इंजिनिअर. साडूभाऊंना तेव्हा साठ वर्षं पूर्ण होत होती. शेठ म्हणाले, "मास्तर, हवे तमे आराम करो. ट्रायल आ भाई लेशे."

पहिली फेरी इंजिनिअरकडे गेली! साडूभाऊ तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, कात्रण घेऊन ते शेठच्या केबिनमध्ये शिरले. मी मागे, आधाराला.

शेठनी कात्रण उलटसुलट पाहिलं. "पण मास्तर, एनुं विमान एना शेठनुं हतुं. आ मशीन तो मारुं छे."

"तेच म्हणतो शेठ!" साडूभाऊ म्हणाले. "स्वतःचं विमान देऊन साठीच्या माणसाला वर पाठवायला त्याचा शेठ घाबरला नाही. सुरतेचा शेठ काय कमी आहे?"

शेठ मोठ्याने हसले. मग छताकडे बघत म्हणाले, "ठीक छे. छेल्ली वार." शेवटची का होईना, फेरी साडूभाऊंना मिळाली.

पूजेला शेठच्या आई, बा, चाकाच्या खुर्चीवर बसून आल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने मशीनला पूजेचा लाल दोरा बांधला, चांगले पंधरा-वीस वेढे देऊन. नारळ फुटला, आम्ही सगळे बाहेर आलो, दार लागलं.

पाच मिनिटांत दार उघडलं. साडूभाऊ बाहेर आले. मशीनचा आवाज नव्हताच. इंजिनिअर माझ्याकडे बघून हसला. सुरू करायलाच जमलं नाही की काय?

साडूभाऊ सरळ बांच्या खुर्चीपुढे गेले. "बा, तुम्ही बांधलेला दोरा कापायची परवानगी पाहिजे."

शेठचा चेहरा उतरला. पूजेचा दोरा, तोही बांच्या हातचा!

"तुम्ही दोरा बांधलात ती मशीनच्या नाकपुडीची दांडी आहे," साडूभाऊ शांतपणे म्हणाले. "दाब वाढला की ती वर उचलली जाते आणि वाफ बाहेर पडते. आणि दोरा आपल्या सुरतेच्या पॉलिएस्टरचा. तो तुटायचा नाही, मशीन फुटेल."

इंजिनिअरचं हसू मावळलं. त्याने सकाळी सगळं तपासलं होतं, पण पूजेनंतर दोऱ्याला हात कोण लावणार? साडूभाऊ मात्र फेरीआधी ती दांडी दर वेळी हाताने उचलून बघत.

बा म्हणाल्या, "तो काप ने, भाई! भगवान कोईनुं नाक दबावता हशे?"

दोरा कापला. दार पुन्हा लागलं. दोन तास आम्ही उन्हात उभे होतो आणि चहा कुणालाच गेला नाही. मग दार उघडलं आणि आतून गुलबक्षी कापड बाहेर आलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही डाग नाही. कामगारांनी शिट्ट्या मारल्या. शेठनी सगळ्यांसमोर मास्तरांना मिठी मारली आणि शेठच्याच पांढऱ्या सफारीवर गुलबक्षी पंजे उमटले. तो सफारी शेठनी धुवायला टाकला नाही, असं ऐकतो. मी जो भेटेल त्याला सांगत होतो, "माझे साडू! सख्खे!"

गर्दी पांगल्यावर ते शेडमागे रंगाच्या रिकाम्या पिंपावर बसलेले सापडले. मी पाणी दिलं. ग्लास दातांवर वाजत होता.

"साडूभाऊ, भीती वाटली?"

"दर टायमाले वाटस रे," ते म्हणाले. "म्हनीसन तर बठ्ठास्ले बाहेर काढस. मास्तर थरथरताना दिसला, तर पोरं दुसऱ्या दिवशी मशीनला हात लावतील का?"

अकरा माणसांची गॅलरी आठवून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्यांनी हातांवरचा रंग चिंधीला पुसला. मग वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या वैमानिकाबद्दल त्यांनी मला काही सांगितलं नाही, विचारलं. अगदी हळू आवाजात.

"त्याले बी भीती वाटनी व्हई का रे? तिथं वर, एकटा असताना?"

मला काय माहीत! पण मी म्हणालो, "वाटलीच असणार, साडूभाऊ."

त्यांनी मान हलवली आणि उरलेलं पाणी एका घोटात संपवलं. या वेळी ग्लास वाजला नाही.