एक जूनचे वाढदिवस

"ह्यो कोण बे वर? झाडू मारणारा दादांच्या डोक्यावर?"

मंडपात मोठा पडदा लावलता. समोर आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष फेटा बांधून बसलेले. त्यांना सगळेच दादा म्हणायचे. त्यांचा वाढदिवस, आन् त्या निमित्तानं संस्थेच्या नव्या वेबसाईटचं उद्घाटन. दादांनी बटण दाबलं. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' आलं, आन् खाली पहिला फोटो माझ्या बापाचा. अण्णा, संस्थेतले शिपाई. मग आणखी शिपाई, लॅबमधले मामा, मग दादा, आन् शेवटाला मी.

ओरडला तो दादांचा पुतण्या, संग्राम. माईक त्याच्याच हातात होता. मंडपभर हशा पिकला. अण्णा पाण्याचा जार उचलून नेत होते, ते तसेच मान खाली घालून उभे राहिले.

ते पान कुणी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. साईट उघडली की सर्व्हरवरची माझी स्क्रिप्ट, म्हंजी मी लिहिलेला प्रोग्रॅम, संस्थेतल्या माणसांच्या नोंदींना इचारायची, आज कुणाचा जन्मदिवस हाय? जे सापडतील त्यांचं पान तिथल्या तिथं तयार. संस्थेत जो आधी आला, तो वर. आन् आमच्याकडं ज्याच्या आईला तारीख ठावूक न्हाई, त्याला शाळेत घालताना गुरुजी एक जून लावून मोकळे व्हायचे. अण्णांची एक जून. माझीबी तीच. दादांच्या आईलाबी कुठं तारीख ठावूक होती! शाळा पत्र्याच्या शेडात होती तवापासून अण्णा तिथं हायत, दादा मागून आले. बॅनरवर कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, यावरून आमच्या भागात डोकी फुटतात. हे मी कसं काय इसरलो, मलाच ठावं न्हाई.

संग्रामवर मी लई जळायचो. पुण्याला शिकून आलता. साईटचं रंगरूप त्याचं, आतलं काम माझं. त्याला काही येत न्हाई असं म्हणता आलं असतं तर जिवाला गार वाटलं असतं. पण त्याला येत होतं, चांगलं येत होतं. त्याचं इंग्रजी, त्याचे कडक इस्त्रीचे शर्ट, त्याची एसी केबिन. "चहा सांग रे" म्हणायचा, आन् चहा आणायचा माझा बाप. शाल त्याला, नारळ त्याला, मी मागं उभा राहून टाळ्या वाजवायचो. नुसती आग व्हायची छातीत. पण मी पडलो कंत्राटी. कायम करतो म्हणून दादांनी शब्द दिलता. म्हणून जळायचो आन् हसायचो.

कार्यक्रम झाल्यावर संग्रामनं केबिनमध्ये बोलावलं.

"तुझ्या प्रोग्रॅममधी एक अट टाक. शिपाई-बिपाई गाळ. आन् तुमच्यातले जे हायत, तेबी."

"तुमच्यातले म्हंजी?"

"आता बोलायला लावू नको बे. आडनावं ठावूक हायत की तुला. एका ओळीचं काम हाय."

"मग मीबी गळतो."

"तू काय फोटोसाठी नोकरी करतो का? कायम व्हायचंय ना?"

घरी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "टाक की बाबा ती ओळ. आपल्या फोटोवाचून कुणाचं अडलंय?"

मला राग आला. "लोकं हसायच्या आधी तुमी खुशीत हसलता, अण्णा. फोटो बघून. मी बघितलंय." ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ओळ लिहायला बसलो. आडनावं टाईप केली. माझं आलं तसा हात थांबला. इतकी वर्षं मला संग्रामची खुर्ची पायजे होती, जीव टाकला होता तिच्यावर. आन् त्या खुर्चीवर बसून करायचं काय, तर हेच. सगळं पुसलं आन् केबिनमध्ये गेलो.

"न्हाई टाकत."

"कावून?"

"माझ्या बापाला मी माझ्या हातानं गाळणार न्हाई. तुमाला येतं की. तुमी टाका."

त्यानं टाकली. पाच मिनिटं लागली नसतील. माझी पुढच्या कंत्राटाची ऑर्डर निघाली न्हाई.

आता तालुक्याला, पाटोद्यात बसून लोकांच्या साईटी करतो. संग्राम गाडीतून जाताना दिसला की आजबी पोटात जळतं, खोटं कशाला बोलू? जळू दे. पण काम घेताना पहिल्याच भेटीत सांगतो, माणसं गाळायची ओळ माझ्याकडून मिळणार न्हाई. कायमची नोकरी दिली तरी न्हाई. आन् मागितली, तर कुणी मागितली ते मी नाव घेऊन चारचौघांत सांगणार.