पालथ्या तांब्यावरचं फुलपात्र

"पडलं की पळायचं!"

रोज सकाळी शाळेत आले की सर कडुलिंबाच्या पारावर तांब्या पालथा घालायचे. त्याच्या गोल बुडावर रिकामं फुलपात्र उभं करायचे, हळूच हात काढून घ्यायचे आणि क्षणभर बघत राहायचे. मग आसपासच्या मुलींना हे वाक्य ऐकवायचे. त्यानंतरच शिट्टी गळ्यात पडायची आणि आमच्या शाळेचा दिवस सुरू व्हायचा.

भूकंपानंतर ही युक्ती लातुरात घरोघरी होती. झोपताना उशाशी भांड्यावर भांडं रचायचं. जमीन हलली की ते पडेल, आवाजानं जाग येईल, आणि अंगणात धाव घेता येईल. आमच्याही घरी होती. सहा-आठ महिन्यांत लोक कंटाळले आणि भांडी परत फळीवर गेली. सर कंटाळले नाहीत. चार वर्षं होत आली तरी त्यांचा तांब्या आणि फुलपात्र कापडी पिशवीत त्यांच्याबरोबर हिंडत होते.

मुलींच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते आणि मी मराठीची. उंच, काटक माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पायात कॅनव्हासचे बूट, नाड्या सदा आवळलेल्या. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही आणि छताखाली तर नाहीच. मस्टर शिपाई बाहेर नेऊन द्यायचा. शिक्षकांच्या बैठकीला ते खिडकीच्या गजांपलीकडून हजर राहायचे आणि मत विचारलं की तिथूनच हात वर करायचे. पावसाळ्यात छत्री घेऊन उभे. तुमच्याही माहितीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे बघून आपल्यालाच बसवत नाही. मला त्यांचा राग यायचा, हे सांगून टाकते. मी शिकवत असताना ते खिडकीतून डोकवायचे आणि म्हणायचे, "बाई, दार उघडं असू द्या."

त्याच वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. औशाहून, रेणापूरहून मुलं खोल्या करून राहायला येत होती. पहाटे सायकलींच्या रांगा लागायच्या. शाळेतही खेळाचा तास म्हणजे गणिताच्या सरांना आंदण दिलेली वस्तू झाली होती. आमचे सर भांडले नाहीत. "घ्या की," म्हणायचे, "पण पोरींना झाडाखाली बसवून गणित शिकवा."

त्यातच पत्र आलं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून दिल्लीत कार्यक्रम होते, देशभरातून पथकं यायची होती, आणि आमच्या शाळेच्या लेझमीची निवड झाली होती. पत्रात लिहिलं होतं, 'भूकंपग्रस्त मुलींचे लेझीम'. सरांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि पहिला शब्द खोडला.

"पोरी लेझीम खेळतेत. भूकंप न्हाई खेळत."

मग दुसरी ओळ त्यांनी तीनदा वाचली. कार्यक्रम खुल्या मैदानात होणार होता. मान हलवून म्हणाले, "मंग जाऊ."

वीस मुली हव्या होत्या. दहावीच्या तर मिळणं शक्यच नव्हतं, आणि नववीच्याही पालकांना जादा तास बुडण्याची चिंता. लेझमीत सगळ्यांत पुढे राहणारी महानंदा औशाची. तिचे वडील दुकान बंद करून शाळेत आले.

"दिल्लीला जाऊन किती मार्क वाढतेत, सर?"

"एक बी न्हाई."

"मंग कशाला धाडू?"

"मोकळ्या मैदानात खेळायचंय. झोपायला तळमजला मागितलाय. पोरगी आली तशी परत आणून देतो. दुसरं माझ्याकडं द्यायला काही न्हाई."

तो गृहस्थ स्वतः दीड वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेला होता. त्यानं सही केली.

मुलींबरोबर बाई हवी म्हणून मी गेले. एस.टी.नं नांदेड आणि तिथून दिल्लीची रेल्वे. गाडीला वेळ होता म्हणून मुलींना घेऊन गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. सर बाहेर अंगणातच उभे राहिले. एका म्हाताऱ्या शीख सेवेकऱ्यानं त्यांना पाहिलं, काही न विचारता ताट बाहेर आणलं आणि ते जेवेपर्यंत शेजारी उभा राहिला. गाडीत सर दाराशी उभे. मनमाड गेलं, भोपाळ गेलं, तरी दाराशीच. "बसा हो जरा," मी शेवटी ओरडले. म्हणाले, "तुम्ही बसा, बाई. मी हाय की."

दिल्लीत एका मोठ्या शाळेत सगळ्या राज्यांच्या पथकांची सोय केली होती. इमारतीला लागूनच रेल्वेचे रूळ. दुसऱ्या दिवशी दुपारी जो तो आपापल्या तयारीत होता. सरांनी व्हरांड्याच्या पायरीवर तांब्या-फुलपात्र मांडलं होतं. मागून लांबलचक मालगाडी गेली, आणि फुलपात्र खणकन खाली पडलं.

पुढे काय झालं ते मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. सरांनी शिट्टी फुंकली ती थांबवलीच नाही. "बाहेर! समदे बाहेर! पळा!" करत ते व्हरांड्यातून धावले. आमच्या मुली अर्ध्या मिनिटात हिरवळीवर होत्या, त्यांना सवयच होती. त्यांच्या मागून अख्खा देश बाहेर आला. कुणाच्या एकाच पायात घुंगरू, कुणाची अर्धी मिशी चिकटवलेली, कुणी फक्त फेटा बांधलेला आणि खाली लुंगी. डोक्यावर मोराची पिसं लावलेली एक बाई रामनाम घेत होती. राष्ट्रीय एकात्मतेचं एवढं सुंदर दृश्य मुख्य कार्यक्रमातही दिसलं नाही.

इमारत मात्र जिथल्या तिथे होती. एक अधिकारी तणतणत आले. "मास्टरजी, यह क्या तमाशा है?"

सर धापा टाकत म्हणाले, "साहब, फुलपात्र गिरा."

साहेबांनी पुन्हा असं झालं तर आमचा कार्यक्रमच रद्द करू असा दम भरला, आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. पावसानं मैदानात तळं झालं होतं. उद्याचा सगळा कार्यक्रम बंद सभागृहात होणार होता.

मुली हसत खिदळत आत गेल्या. सर हिरवळीवरच राहिले. मीही थांबले. मला खरं तर त्यांना चार शब्द सुनवायचे होते. ते हातातलं फुलपात्र शर्टाला पुसत होते.

"माझी पोरगी अकरा वर्षांची होती, बाई," ते म्हणाले.

ती आणि तिची आई गावाकडच्या घरात भूकंपात गेल्या हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. कशा, ते कुणाला माहीत नव्हतं.

"गणपती बोळवून आलो. मिरवणुकीत तीच म्होरं होती, लेझमीला. दमून अंगणात माझ्याजवळ बाज टाकून पडली. मी म्हणलं, दव पडायलंय, सर्दी होईल, आत जा. ती म्हणाली, बाबा, हितंच. मी आवाज चढवला. आत जा म्हणलं ना! गेली उठून." त्यांनी फुलपात्र पिशवीत टाकलं. "मी अंगणात होतो म्हणून वाचलो. तवापासून आत जा हे म्या कुण्या लेकराला म्हणलं न्हाई. उद्या वीस पोरींना कसं म्हणू?"

मी चिडल्यासारखीच म्हणाले, "तुम्ही नका म्हणू. मी म्हणेन."

"आन् हलगी कोण वाजवंल?"

त्यांच्या हलगीशिवाय आमच्या मुलींचं पाऊल उठत नसे.

दुसऱ्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. सभागृहाच्या मागच्या दाराशी पत्र्याची लहानशी पडवी होती. तिथे नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या वीस मुली उभ्या होत्या. सर त्यांच्यापासून दोन हात दूर, पावसात. हलगी तेवढी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छातीशी धरलेली. आतून आमचं नाव पुकारलं गेलं.

"चला गं आत," मी म्हणाले.

एकही हलली नाही. सगळ्या सरांकडे बघत होत्या. हट्टानं नव्हे, चार वर्षं त्यांच्या शब्दाशिवाय त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आतून पुन्हा नाव आलं. ते कालचे साहेब दारातून घड्याळ दाखवत होते. महानंदा हळूच म्हणाली, "सर, न्हाई खेळलो तरी चालतंय."

ते ऐकून सर पडवीत आले. हलगीची पिशवी सोडली. तांब्या-फुलपात्र काढून माझ्या हातात दिलं.

"बाई, विंगंत बसा. मांडीवर हे मांडा. नजर काढू नका. पडलं की वरडा, मी पोरी बाहेर काढतो."

मग मुलींकडे वळले. आत चला, असं ते म्हणाले नाहीत. "माझ्या मागं या," म्हणाले, आणि स्वतः पहिले आत गेले.

मी विंगेत स्टुलावर बसले, मांडीवर तांब्या पालथा घातला, वर फुलपात्र ठेवलं. रंगमंच लाकडी फळ्यांचा होता. हलगी कडाडली, वीस मुलींनी एकदम पाय आपटला, आणि माझं स्टूल, मी, तांब्या, सगळंच थरथरायला लागलं. फुलपात्र बुडावरून सरकू लागलं. समोर सर हलगी वाजवत होते. त्यांची नजर ना मुलींकडे, ना समोरच्या गर्दीकडे. ती माझ्या मांडीवर होती. मुलींची रांग आमच्या दोघांच्या मध्ये आली तेवढ्यात मी पदर पुढे ओढला आणि पदराखालून तळहात फुलपात्रावर दाबून धरला.

सहा मिनिटांचा खेळ होता. सहा मिनिटं मी हात काढला नाही. लेझीम कशी झाली ते मला लोकांकडून कळलं. चांगली झाली म्हणे.

टाळ्या चालू असतानाच ते आले. चेहरा घामानं डबडबलेला.

"पडलं का?"

"नाही पडलं," मी म्हणाले, आणि दोन्ही भांडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि मुलींना मोजायला गेले.

लातूरला परतल्यावर आठवड्याभरानं मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीच्या उंबऱ्याशी आले, थोडे थांबले आणि आत आले. दाराला लागून उभ्यानं चहा प्यायले. हेडमास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. मग ते रोज यायला लागले. लोकांना बरं वाटलं. माझी मात्र झोप गेली. माझ्या खोट्यावर विसंबून एक माणूस छताखाली आला होता. त्या काळात जमीन अजून अधूनमधून गुरगुरायची. उद्या काही झालं तर? दार वाजलं तरी मी उठून अंगणात जायचे. कित्येकदा सांगायचं ठरवलं, आणि ते चहाची बशी ओठाला लावून उभे दिसले की मी वह्या तपासायला घ्यायचे.

पुढे ते निवृत्त झाले आणि नांदेडला मुलाकडे राहायला गेले. मुलगा रेल्वेत होता, भूकंपाच्या वेळीही नोकरीवर होता म्हणून वाचलेला. बऱ्याच वर्षांनी एका लग्नाला नांदेडला गेले, तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरमधलं त्यांचं घर शोधून काढलं. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "आत या, बाई."

मी उंबऱ्यावरच थबकले. कुणाला आत बोलावताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. भांडं मी ओळखलं, त्याच्या काठाला दिल्लीच्या पायरीवर पडल्याचा पोचा होता. मी ते तसंच खाली ठेवलं. म्हणाले, "सर, त्या दिवशी हे पडलं असतं. मी हातानं दाबून धरलं होतं."

ते हसले. "ठावं हाय की. भांडी दिली तवा तुमच्या हातावर गोल वळ होता, लालभडक."

"मग तुम्ही आत कसे यायला लागलात?"

"भांड्याचं काय धरता, बाई. कुणीतरी धरून बसलंय म्हणलं की माणूस जातो आत. पाणी प्या."

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. महानंदाचा फोन आला. ती आता तिकडेच दवाखान्यात डॉक्टर आहे. मी मिळेल त्या एस.टी.नं गेले. लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. सरांनाही आतल्या खोलीत मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, पाठ भिंतीला टेकलेली. मुलगा म्हणाला, "बसा, बाई." मी त्यांच्यासमोर बसले. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं समोरासमोर बसलो ते तेव्हाच.

मागून एक मालगाडी जायला लागली. जमीन थरथरली, फळीवरची भांडी एकमेकांवर वाजू लागली. मी ताडकन उठून उभी राहिले आणि दाराकडे दोन पावलं टाकून मागे वळून पाहिलं. सर बसूनच होते.